फाटकावर लावलेला ब्लोअर

मी खोटं कशाला बोलू?

सत्तरी गाठली आहे. ही गोष्ट सांगून मला काही मिळायचं नाही. उलट चार लोकांत जी थोडी इज्जत आहे, ती जाईल. घरच्यांना यातलं अर्धंच माहीत आहे... पुरी गोष्ट आज पहिल्यांदा सांगतोय.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्येची रात्र लागते. माझ्याकडं रात्र नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. जानेवारी १९८६, मंगळवार. जागा परभणी, जिंतूर रोड. तिथं माझं मोटारीच्या वायरिंगचं दुकान होतं. पत्र्याची शेड, समोर वाहता रस्ता, शेजारी चहाचं हॉटेल.

माझं नाव सांबप्पा. मोटारीतली कुठलीही वायर मी डोळे झाकून शोधायचो. तेवढाच मला गर्व होता.

परभणीची थंडी ज्यानं काढली त्यालाच माहीत. त्या आठवड्यात दुपारीसुद्धा अंगातला स्वेटर निघत नव्हता. अशात बन्सीधरभाऊ पांढरी अँबॅसिडर घेऊन दुकानापुढं थांबले.

बन्सीधरभाऊ व्यंकटरावांचे ड्रायव्हर. व्यंकटराव म्हणजे पिंगळीच्या पलीकडच्या एका गावचे मोठे शेतकरी. गावाचं नाव लिहीत नाही. त्यांची माणसं अजून तिथं राहतात.

त्या गाडीतला हिटर मीच बसवला होता. आठ वर्षांपूर्वी.

"काय झालं भाऊ?"

"हिटरचा पंखा घरघर करायलाय म्हणं."

"म्हणं म्हंजी?"

"मला काई ऐकू येत न्हाई. मालकाला येतंय. दोन मेस्त्री झाले, कुणाला काई सापडंना. गुरुवारी सूनबाईला आन् बाळाला आणायचंय नांदेडहून. एवढं लहान लेकरू, थंडी ही अशी. मालक म्हनले, सांबप्पाकडंच ने."

मी बॉनेट उघडायला वळलो, तर ते हळूच म्हणाले,

"मला आवाज येत न्हाई... पर वास येतो."

"कसला? वायर जळायलीय का?"

"वायरचा न्हाई. भिजलेला झोपडीचा कूड पेटल्यावर कसा येतो... तसा."

मी हसलो. ते हसले नाहीत. चहा पिऊन येतो म्हणाले आणि हॉटेलात गेले.

मी गाडीत बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोटारीचा हिटर म्हणजे फार मोठं काम नसतं. इंजिनचं गरम पाणी एका छोट्या जाळीतून फिरतं. त्या जाळीवर एक पंखा वारा मारतो आणि तो गरम वारा गाडीत येतो. वारा मारणाऱ्या त्या पंख्याला ब्लोअर म्हणतात. बिघडतं काय? फ्यूज जातो. स्विच जातो. मोटरचे कार्बन झिजतात. दांडीचा बुश झिजला की घरघर होते. नाही तर पंख्याच्या पिंजऱ्यात पान अडकतं, उंदीर घर करतो. बस. याच्या पलीकडं सहावी गोष्ट नाही.

फ्यूज पाहिला. चांगला.

टेस्टिंग बल्ब लावून स्विच पाहिला. एकवर पेटला, दोनवर पेटला, तीनवर पेटला.

ब्लोअर तीनवर लावला. सुंदर चालला. गरम, स्वच्छ वारा. कुठं खरखर नाही.

मी स्विच बंद केला. पंखा फिरत फिरत थांबला.

मी दार उघडायला हात लावला...

घर्र...

हात तिथंच राहिला.

घर्र...

बारीक आवाज होता. ओला. डॅशबोर्डच्या आतून येत होता.

वाटलं, स्विच आत चिकटला असेल. चावी काढून घेतली.

घर्र...

फ्यूज उपसून तळहातावर घेतला. आता पंख्याला करंट जायचा रस्ताच नव्हता.

घर्र...

वारा किती येतो ते बघायला आम्ही पेपरची पट्टी फाडून जाळीपुढं धरायचो. मी तशी पट्टी धरली.

पट्टी माझ्याकडं झुकली. थोडीशीच. म्हणजे आतून वारा येत होता.

मग पट्टी उलटी फिरली... आणि जाळीला जाऊन चिकटली.

मग सुटली. माझ्याकडं आली. मग परत चिकटली.

पंखा वारा फेकतो, नाही तर थांबतो. वारा आत ओढून घेऊन, परत सोडून, परत ओढून घेणारा पंखा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

तो श्वास होता.

मी घाबरलो नाही. खरंच नाही. आधी मला रागच आला. माझ्या हातचं काम, आणि मला दोष सापडत नाही म्हणजे काय? मी पान्हा घेतला, स्क्रू काढले, ब्लोअरची मोटर सोडवून बाहेर घेतली आणि पुढच्या सीटवर कपड्यावर ठेवली. कार्बन चांगले. बुश चांगला. पिंजऱ्यात ना पान, ना केस. डॅशबोर्डखाली मोटरच्या जागी नुसतं काळं भोक राहिलं.

मी त्या भोकापुढं पट्टी धरली.

पट्टी आत ओढली गेली.

सोडली गेली.

आत ओढली गेली...

आणि बराच वेळ सुटलीच नाही.

मग एक लांब, शिट्टीसारखा, कफात अडकलेला आवाज आला, आणि पट्टी सुटली.

तेव्हा मला दुसरी गोष्ट कळली. रस्त्यावरचा आवाज गेला होता.

समोरून सायकली जात होत्या. घंटी नाही. हॉटेलवाला ओरडत होता. त्याचं तोंड हलताना दिसत होतं, शब्द येत नव्हता. गाडीच्या सगळ्या काचा वर करून बसल्यावर बाहेरचं जग कसं मुकं होतं... तसं झालं होतं.

मी काचांकडं पाहिलं.

चारी काचा खाली होत्या.

तेव्हा घाबरलो. कारण तो आवाज आणि ते मुकेपण, दोन्ही मला ओळखीचे होते. एकदा, ह्याच गाडीत, मी ते दोन्ही ऐकलं होतं.

बन्सीधरभाऊंनी दार उघडलं आणि सगळा रस्ता एकदम कानात शिरला. घंट्या, टांगे, रेडिओ.

"काय रे? पांढराफटक पडलास."

"भाऊ," मी म्हणालो, "तुमाला ते फाटक आठवतं का?"

त्यांनी कोणतं फाटक म्हणून विचारलं नाही.

आता त्या फाटकाचं सांगतो. इथपर्यंत भुताचं सांगणं सोपं होतं.

ऑगस्ट १९७८. मी चोवीस वर्षांचा. मराठवाड्यात राहिलेल्या माझ्या वयाच्या माणसाला तो महिना सांगावा लागत नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला होता, आणि गावोगाव त्याचा राग दलितांच्या वस्त्यांवर निघत होता. घरं पेटवली जात होती. माणसं पोरंबाळं घेऊन शिवारातून पळत होती. बाकीचे आम्ही दारं लावून, "लय वाईट झालं" म्हणत बसलो होतो.

व्यंकटरावांनी नवी गाडी घेतली होती. पावसात पुढच्या काचेवर वाफ धरायची, आणि थंडीत त्यांच्या आईला दमा व्हायचा. म्हणून त्यांनी मुंबईहून हिटर मागवला. मी त्यांच्या गावी दोन दिवस राहून तो बसवला. तिसऱ्या दिवशी दुपारी ते परभणीला निघाले आणि मलाही गाडीत घेतलं. बन्सीधरभाऊ चालवत होते, त्यांच्या शेजारी मी, मागं व्यंकटराव.

पिंगळीच्या अलीकडं रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती. आमच्याशिवाय रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं. उजव्या हाताला, लांब, धूर दिसत होता.

शेतातून एक बाई धावत आली. लुगडं चिखलानं भरलेलं, केस सुटलेले, पायात काही नाही. कडेवर दोनेक वर्षांचं पोरगं. ती सरळ गाडीकडं आली.

व्यंकटराव म्हणाले, "काचा वर घ्या."

आम्ही काचा वर घेतल्या.

ती माझ्या बाजूच्या काचेशी आली. तळहातानं काच वाजवली. "दादा, धूर गेला हो लेकराच्या छातीत. दवाखान्यापातूर न्या. तुमच्या पाया पडते. मला नगं, त्याला एकल्याला न्या."

काच बंद असली तरी ती अगदी काचेला खेटून होती, सगळं ऐकू येत होतं. त्या पोराचा श्वासही ऐकू येत होता.

घर्र... घर्र...

परभणीचा दवाखाना गाडीनं वीस मिनिटांवर.

मग ब्लोअर लावला गेला. तीनवर. नवी मोटर, आवाज दणदणीत होता. बाईचं तोंड हलत राहिलं, पण शब्द येईना. पोराची छाती हलत राहिली, पण आवाज येईना. मालगाडी गेली. फाटक उघडलं. आम्ही निघालो.

एवढंच. कुणी तिला मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. आम्ही फक्त काचा वर घेतल्या आणि वारा लावला.

त्या मंगळवारी दुकानात मी बन्सीधरभाऊंना म्हणालो, "मालकानं लावायला सांगितला नसता ना भाऊ, तर मी तो ब्लोअर..."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"सांबप्पा, मालकानं काचा वर घ्या म्हनलं. माझा हात स्टेरिंगवर व्हता. ब्लोअर लाव म्हणून कुणी म्हनलं न्हाई."

मी पान्हा पुसायला घेतला.

"तू सोताहून लावलास. मी बघत व्हतो."

हे मी बायकोला कधी सांगितलं नाही. तिला आजही वाटतं की व्यंकटरावांनी सांगितलं. आठ वर्षं मी मलाही तसंच सांगत आलो होतो, इतकं की ते मला आठवायलाही लागलं होतं. मागून मालकाचा आवाज, "सांबप्पा, ते लाव की." तो आवाज कधी आलाच नव्हता. मला ते पोरगं ऐकवत नव्हतं, म्हणून मी हात पुढं केला होता.

"पोरगं जगलं का हो, भाऊ?" मी विचारलं. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"न्हाई."

"तुमाला कसं ठाव?"

"मालकाला परभणीत सोडलं, गाडी लावली आन् सायकल घिऊन मी माघारी गेलो. फाटकापासून थोडं पुढं बाभळीखाली बसली व्हती. पदर टाकला व्हता लेकरावर. मी पाणी दिलं. ती म्हनली, आता काय करू पाण्याला?"

"मला कधी बोलला न्हाईत."

"तू कधी इचारलं न्हाईस."

ती बाई कुठं असते हेही त्यांना माहीत होतं. नाव सरजाबाई. नवरा नंतर गेला. त्या पिंगळी स्टेशनावर पेरू विकायच्या. पोराचं नाव मिलिंद होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर परत बसवून आम्ही पिंगळीला गेलो. माफी मागायला गेलो असं लिहिलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं. मी त्यासाठी गेलो नव्हतो. मला तो आवाज बंद करायचा होता. फ्यूज काढून झाला होता, मोटर काढून झाली होती, आता हा एकच उपाय दिसत होता.

सरजाबाई फलाटाच्या टोकाला उन्हात बसल्या होत्या. पुढं पाटीत पेरू. बन्सीधरभाऊंना पाहून म्हणाल्या, "या भाऊ." माझ्याकडं पाहिलं आणि पाहतच राहिल्या.

मला सांगावं लागलं नाही.

"काचंपाशी बसला व्हता, त्योच न्हवं ह्यो?"

मी मान खाली घातली. काय काय बोललो ते आता आठवत नाही. चुकलं म्हणालो. लहान होतो म्हणालो. भ्यालो होतो म्हणालो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एक पेरू उचलला, पदरानं पुसला आणि परत पाटीत ठेवला.

"काच लावली, त्याचं समजतं मला," त्या म्हणाल्या. "लोकं पेटलेली. आमाला गाडीत घेतलं आसतं, तर तुमची गाडी पेटवली आसती. भ्या वाटलं आसल. पर ते वारं कामून लावलं? मी काय शिव्या देयलाले का तुमाला? लेकरासाठी हात जोडायलाले. ते ऐकून तरी घ्यायचं. वारं कामून लावलं?"

माझ्या तोंडून निघून गेलं. सांगायला नको होतं. "बाई, त्या गाडीत त्याचा श्वास ऐकू येतो."

बन्सीधरभाऊंनी माझा दंड धरला. पण शब्द गेला होता.

सरजाबाई उठल्या. पाटी शेजारच्या बाईच्या हवाली केली.

"मला ऐकू द्या."

"बाई..."

"आठ वर्सं झाले. मला त्याचा आवाज याद राह्यला न्हाई. मला ऐकू द्या."

आम्ही त्यांना स्टेशनाबाहेर गाडीपाशी आणलं. त्या माझ्या जागेवर बसल्या. पुढं, काचेशी. चप्पल बाहेर काढून बसल्या. मी बाहेरून वाकून ब्लोअर लावला, थोडा वेळ चालू दिला, मग बंद केला.

त्यांनी कान जाळीला लावला. डोळे मिटले.

आम्ही दोघं दाराशी उभे.

काही नाही.

मी परत लावला, परत बंद केला. एकवर, दोनवर, तीनवर. स्वच्छ वारा. वारा थांबल्यावर स्वच्छ शांतता. कुठं घरघर नाही, कुठं वास नाही. इतका चांगला तो ब्लोअर नवा असतानाही चालला नव्हता.

"मिलिंद," त्या हळू म्हणाल्या. एकदाच.

काही नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक आवाज, जो मला नको होता आणि तिला हवा होता, तोही मी तिला देऊ शकत नव्हतो.

सरजाबाई खाली उतरल्या. चप्पल घातली. मला वाटलं, आता तोंडावर थुंकतील. थुंकल्या असत्या तर सुटलो असतो.

"माझ्याकडं कशाला यील?" त्या म्हणाल्या. "मी कुठं सोडलं व्हतं त्याला?"

आणि त्या आत निघून गेल्या. रेल्वे यायची वेळ झाली होती, त्यांना पेरू विकायचे होते.

परत येताना ब्लोअर बंद होता. फाटक उघडंच होतं. फाटकाच्या रुळावरून आमची गाडी धडधडत पलीकडं गेली... आणि सुरू झालं.

घर्र...

माझ्या गुडघ्यांपाशी. अगदी जवळ.

मी बन्सीधरभाऊंकडं पाहिलं. त्यांना ऐकू आलं नव्हतं. पण त्यांनी गाडी बाजूला घेतली, दार उघडून खाली उतरले आणि नाकाला रुमाल लावून शेतात जाऊन उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मी आत बसून राहिलो. मला उतरता येईना. उतरणं म्हणजे परत त्याला सोडून जाणं, असं काहीतरी वाटत होतं.

मी व्यंकटरावांना जाऊन भेटलो. सगळं सांगितलं. ते पलंगावर बसून बाळाच्या बारशाची यादी सांगत होते, कुणीतरी लिहून घेत होतं. मधेच थांबून त्यांनी माझं ऐकलं. मग विचारलं,

"कोणती बाई?"

नाटक नव्हतं ते. मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्यांच्यासाठी तो एक पंख्याचा आवाज होता, आणि मेस्त्रीला तो सापडत नव्हता.

"ते हिटरच काढून टाक," ते म्हणाले. "लेकराला दुलईत गुंडाळून आणू."

मी हिटर काढला. पाण्याचे पाइप कापून तोंडं बंद केली. डॅशबोर्डखालच्या भोकावर पत्रा ठोकला. व्यंकटरावांना नंतर कधी ऐकू आलं नाही, असं बन्सीधरभाऊ सांगायचे. ती काढलेली मोटर मी दुकानात ठेवली नाही. त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकली. पैसेही घेतले नाहीत.

मला वाटलं, संपलं.

आठ दिवसांनी घरी जेवून उठलो. बायकोनं टेबलफॅन बंद केला. पाती फिरत फिरत थांबली...

घर्र...

बायको भांडी उचलत होती. तिला काही नाही.

तेव्हापासून आमच्या घरात पंखा बंद होत नाही. थंडीत सुद्धा. मी दुलई घेऊन पंख्याखाली बसतो. बायको म्हणते, यांच्या अंगात उष्णता फार. पोरं हसतात. मीही हसतो. पंखा चालू असला की काही ऐकू येत नाही.

म्हणजे मी अजून तेच करतो. कळतं मला.

१९९४. संक्रांतीचा दिवस. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागल्याची बातमी परभणीत आली. स्टेशनापासून मिरवणूक निघाली. निळे झेंडे, हलगी, गुलाल. बायका ओळीनं प्रत्येक दुकानापुढं थांबून पेढे वाटत होत्या. काही दुकानदारांनी शटर ओढून घेतलं. मी नाही ओढलं.

माझ्या दुकानापुढं आल्या त्या सरजाबाई होत्या.

केस पांढरे झालेले. डोळ्याला जाड चष्मा. हातात पेढ्यांचा खोका.

"घ्या भाऊ, तोंड गोड करा."

मी हात पुढं केला. त्यांनी पेढा ठेवला. माझ्या तोंडाकडं पाहून हसल्या... आणि पुढच्या दुकानाकडं वळल्या.

त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू... छातीवरचा दगड उतरल्यासारखं बरं वाटलं. मी सांगू शकत होतो, बाई, मी तो. नाही सांगितलं. मी पेढा खाल्ला.

दुकानातला पंखा चालू होता. वरून हलगी. तरी त्या गडबडीत मला ऐकू आलं.

श्वास.

पण आता तो गुडघ्यांपाशी नव्हता. डाव्या कानाच्या मागं होता. माझ्याएवढ्या उंचीवरून येत होता. आणि लेकराचा नव्हता तो. भारी होता, दमदार. अठरा वर्षांचं पोरगं धावत येऊन बाजूला उभं राहिलं की जसा येतो, तसा.

मी वळून पाहिलं नाही.

यानंतर बरीच वर्षं गेली. व्यंकटराव गेले. बन्सीधरभाऊ गेले. सरजाबाई आहेत की नाहीत, मला माहीत नाही. मी चौकशी केलेली नाही, हेही लिहून ठेवतो.

परभणीत लाईट जाते, हे तुम्हाला सांगायला नको. लाईट गेली की पंखा थांबतो, आणि तो थांबेपर्यंतचा वेळ मला फार मोठा वाटतो. मुलगा म्हणाला, बाबा, इन्व्हर्टर लावून घेऊ. लावलाय. पण बॅटरी कधीतरी उतरतेच.

परवा दुपारी उतरली. घरात मी एकटाच होतो.

तो खोकला. एकदाच. चाळिशी उलटलेला माणूस खोकतो, तसा.

आणि मग, काहीतरी बोलायच्या आधी माणूस घसा साफ करतो ना...

तेवढ्यात लाईट आली. पंखा फिरायला लागला.

तो काय बोलणार होता, ते मी ऐकून घेतलं नाही.